आडव्या चौकटींची पेटी

मधमाशांना कसं घर हवं असतं, हे खुद्द मधमाशांना कळत नाही, असं एकेकाळी माझं प्रामाणिक मत होतं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी बाभुळगावला शाळेत मास्तर. सुट्टीत यवतमाळला जाऊन मधमाशा पाळायचं आठ दिवसांचं शिक्षण घेतलं आणि एक पेटी घेऊन आलो. (त्यातले चार दिवस मागच्या बाकावर झोपलो होतो, पण प्रमाणपत्रावर तसं लिहीत नाहीत.) पेटीत लाकडी चौकटी टांगतात आणि माशा त्यांत पोळं बांधतात. चौकटींची टोकं पेटीच्या दाराकडे ठेवायची, म्हणजे दारातली हवा मधल्या फटींतून थेट मागपर्यंत जाते. फटही अरुंद, ठरलेल्या मापाची.

मला काही ते पटेना. दारातून ऊन, वारा, धूळ, सगळंच आत! मी सुताराकडून स्वतःच्या अकलेची नवी पेटी करवून घेतली. चौकटी दारासमोर आडव्या, पडद्यासारख्या. फटी चांगल्या दोन-दोन बोटं. झाकणाखालीही ऐसपैस जागा.

"पुस्तकात तं असं नाही जी," माझी बायको विमल म्हणाली. तिनं शिक्षण घेतलं नव्हतं. फक्त पुस्तक वाचलं होतं.

"माशाईले मोकळं वाटलं पाहिजे!"

"मंग हवा कुठून जाईन?"

"तुले काय समजते त्यातलं?"

झाडाच्या ढोलीतल्या माशा आणून मी नव्या पेटीत घातल्या. ऊन तापू लागलं तशा त्या दाराबाहेर घोसानं लटकू लागल्या.

"पाह्य, कशा हवा खात बसल्या!"

"आत गुदमरून राह्यल्या त्या!"

तेवढ्यात नेरहून माझे सासरे आले. त्यांना मळ्यात दहा पेट्या ठेवायच्या होत्या, आणि त्या माझ्याच नमुन्याच्या करायच्या, हे मी पत्रातून त्यांच्या गळी उतरवलं होतं.

"पाहा मामाजी, एकेक चौकट कशी सुटी निघते! वहीचं पान जसं!"

मी झाकण उचलू लागलो. निघेना. पाय रोवून हिसका दिला, तर झाकणासोबत सगळ्या चौकटीच वर आल्या! माझ्या ऐसपैस जागेत माशांनी वेडीवाकडी पोळी बांधून सारं एकजीव करून टाकलं होतं. अख्खा संसार हातात धरून मी उभा!

"जवाईबापू, हे सारं एकसाथच निघते काय?" मामाजींनी कौतुकानं विचारलं.

"नवा नमुना आहे," मी म्हणालो. तोच उन्हानं मऊ झालेलं मधलं पोळं तुटलं आणि मधासकट माझ्या छातीवर आलं.

पुढचं सगळं पळता पळताच पाहिलं. मामाजी धोतर सावरत घरात शिरले आणि आतून कडी लावली.

"मामाजी, दार उघडा!"

"माशा गेल्या काय?"

"नाही!"

"मंग कायले उघडू?"

ओसरीवर कापसाचा ढीग होता. मी त्यात सूर मारला.

विमलनं तोंडावर पदर घेतला, गोवरीचा धूर केला, पोळ्यांचे धड तुकडे वेचले आणि जुन्या पेटीच्या चौकटींना दोऱ्यानं बांधले, टोकं दाराकडे करून. राणीमाशी आत सोडली. दिवस मावळेपर्यंत एकेक माशी आत गेली. मामाजींनी दार किलकिलं केलं. ढिगातून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं काहीतरी उठताना दिसलं, आणि त्यांनी पुन्हा कडी लावली!

मामाजींच्या मळ्यात दहा पेट्या झाल्या. विमलच्या मापानं.

त्यांच्या मधाचा बोलबाला यवतमाळपर्यंत पोचला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या वर्गात शिकवायला तिलाच बोलावलं. मीही गेलो, दाखवायची दहा चौकटींची रिकामी पेटी बगलेत मारून. वर्गाच्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हे कोण?"

"आमचे मालक. शिकलेले आहेत यातलं," ती लाजून म्हणाली.

सगळा वर्ग माझ्याकडे आदरानं पाहू लागला. मी छाती पुढे काढून नमस्काराला हात वर केला, आणि बगलेतल्या पेटीचं झाकण उघडून दहाही चौकटी साहेबांच्या पायावर पडल्या. पेटी मी उलटी धरली होती!