हंसाला नऊ नंबर

आमच्या घराण्यात आजवर कुणीही एक चिमणीसुद्धा मारलेली नाही, आणि तरीही आम्ही शिकारी घराण्यातले आहोत.

पुरावा म्हणजे वडिलांची दुनळी बंदूक. विश्रांतवाडीच्या घरात ती भिंतीवर असे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळे, एरवी तिच्यावर टॉवेल वाळत. सरकारनं शिकारीवर बंदी घातली तेव्हा वडील पेपरची घडी करून म्हणाले, "नाहीतर दाखवलं असतं." एवढ्या भांडवलावर मी आमच्या नितीनला रोज जेवताना घराण्याच्या शिकारीच्या गोष्टी सांगितल्या. (पोरगं भाजी खात नसे, दुसरा उपाय नव्हता.)

पुढे नितीन कॉम्प्युटर शिकला आणि कंपनीनं त्याला अमेरिकेला धाडलं. काम सहा महिन्यांचं, पण तिथल्या बॉसच्या मनात आलं तर दोन वर्षांचं. पोराचा सगळा जीव त्या दोन वर्षांत अडकला होता. आणि एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, बॉसचे सासरे त्याला पहिल्यांदाच बदकं आणि हंस मारायला नेतायत. त्यानं जन्मात बंदूक धरलेली नाही, पण ते सासऱ्यांना कळता कामा नये."

"मग तू कशाला घाबरतोस?"

"मी त्याला आपल्या घराण्याबद्दल सांगून बसलोय. आता तो विचारतोय, काडतुसं कुठल्या नंबरची घ्यायची. मुदत वाढवायचं त्याच्याच हातात आहे, बाबा."

बायको शेजारी मटार सोलत होती. "माहीत नाही म्हणून सांगा."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "पुण्यात राहून?"

नंबर म्हणजे काय, हे मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण मी मास्तरांच्या सुरात म्हणालो, "तुला काय कळलंय ते आधी सांग." काडतुसात छर्रे असतात, नंबर छऱ्यांचा असतो आणि दुकानात शिशाचे नि लोखंडाचे, दोनपासून नऊपर्यंत मिळतात, असं त्यानं सांगितलं. झालं की मग! चपलेचा नंबर घ्या, शर्टाचा घ्या, बांगडीचा घ्या. माप मोठं, नंबर मोठा.

"बदकाला सहा. हंस अंगानं मोठा, त्याला नऊ. आणि छर्रे शिशाचेच घे म्हणावं, लोखंडाबिखंडाच्या नादी लागू नका."

"दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो," बायको मटारांना उद्देशून म्हणाली.

"आपण शिवणकामाबद्दल बोलत नाही आहोत."

पुढच्या रविवारी नितीनचा आवाज फार शांत होता. बॉसनं हौसेनं त्यालाही तळ्यावर नेलं होतं. सासऱ्यांनी चष्मा लावून काडतुसांचा डबा वाचला. नऊ नंबरचे छर्रे निघाले मोहरीएवढे. ते हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडायला वापरतात. हंसाला दोन नंबर लागतो, कारण नंबर उतरतो तसा छर्रा मोठा होतो. शिवाय पाणपक्ष्यांवर शिसं झाडायला तिकडे कायद्यानं बंदी. म्हणजे डबा एक आणि घोटाळे दोन. सासऱ्यांनी जावई आणि नितीन दोघांना गाडीत बसवलं आणि काचा वर करून घ्यायला सांगितल्या. दोघं आमच्याकडून गेलेला चिवडा खात बसले. हंस गाडीवरूनच गेले आणि जाताना काचेवर अभिप्राय नोंदवून गेले.

"बॉस काय म्हणाला?"

"चिवडा छान होता म्हणाला."

"बघ, मी सांगत होतो..."

"आणि पुढचं काम पुण्यातूनच कर म्हणाला."

मी आजही माघार घेतलेली नाही. उलटे आकडे त्यांनी लावायचे आणि चूक माझी? उद्या म्हणाल, थोरल्या भावाला धाकटा म्हणा. आणि परिणाम बघा ना. माझा सल्ला पोचला त्या तळ्यावर दोन शिकारी कमी झाले. नावं ठेवणाऱ्यांनी पक्ष्यांसाठी काय केलंय ते सांगावं.

नितीन परत आला. बॅग ठेवून त्यानं "जेवायला काय आहे?" एवढंच विचारलं, आणि समोरची दुधीची भाजी मुकाट्यानं खाल्ली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (हे आमच्या घरी बोलू नका.)

मग खंडेनवमी आली. बायको तबक घेऊन बंदुकीवरून सरळ पुढे गेली आणि तिनं झेंडूची माळ टेलिफोनला घातली.

"अगं, बंदूक इकडे आहे."

"दिसतेय. पण या घरात आजवर चाललेलं हत्यार हेच एक."

नितीननं टेलिफोनला वाकून नमस्कार केला. तेवढ्यात तो वाजला. मी सवयीनं हात पुढे केला, तर मायलेकांनी मला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. भरलेलं हत्यार म्हणे माझ्या हातात द्यायचं नाही.