मामांचा रेझिस्टन्स

घरात कुणाचंही अँटिबायोटिक उरलं की कळवणचे आमचे मामा ते वाया जाऊ नये म्हणून खाऊन टाकत. सुनेच्या खोकल्याचं, नातवाच्या दाढेचं, काहीही. शुगरवाल्या पायात कांदाचाळीतला खिळा घुसला तेव्हाही त्यांनी आधी गोळ्यांचा डबाच उघडला. पाय काळा पडायला लागल्यावर त्यांना नाशकात, आमच्या इंदिरानगरजवळच्या दवाखान्यात आणलं. पाय राहतो का, एवढाच प्रश्न होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू रक्तात उतरलेत. ते कोणत्या औषधाने मरतात हे नवं मशीन संध्याकाळपर्यंत सांगेल. जुन्या तपासणीला आणखी दोन दिवस लागतात. औषध सापडलं तर पाय ठेवू."

संध्याकाळी नर्सने फायलीला रिपोर्ट लावला. मामांनी तो माझ्यापुढे केला. "वाचा, साहेब."

घरातले इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात; वीजबिलापर्यंत माझी मजल बरी आहे. औषधांची नावं काही जमेनात, पण प्रत्येकापुढे 'रेझिस्टंट' लिहिलेलं होतं. तेवढं मी ठसक्यात वाचत गेलो.

"म्हंजे काय?"

"प्रतिकार."

"मंग लय हाय की माझ्यात," मामा मामीला म्हणाले. "तू म्हनत व्हती, म्हातारा खचला."

"मला ठाऊकच हाय," मामी म्हणाली. "मी येवढी वर्षं सांगते, त्यातलं काय लागू पडलंय तुमाला?"

आम्ही हसलो. मी चहा सांगितला.

चहाच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. "प्रतिकार जंतूंचा आहे, काका. यातलं एकही औषध त्यांना मारत नाही. एक शेवटचं इंजेक्शन आहे, त्याने जीव कदाचित वाचेल. पायासाठी थांबता येणार नाही. उद्या सकाळी गुडघ्याखाली कापू."

चहा आला. मामीने तो बशीत ओतला, प्यायली नाही. "मॅडम, ती सावकाशवालीच तपासणी करा ना. तिला दोन दिस लागत्यात म्हनं."

"तीही लावलीय, मावशी. जंतू तेच आहेत."

पाय गेला. मग सावकाशवाला रिपोर्ट आला. शब्दन्‌शब्द तोच. तरी मामीने मला तो वाचायला लावला, तोही हळूहळू. काही सुटायला नको.

मी निम्म्यावर आलो तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "कुनाला वाचून दाखवतो रे? ज्याचा व्हता तो गेला की पुढं."