खाडाखोडीचं पान

कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या काकूंनी पन्नाशी उलटल्यावर पदवीला नाव घातलं, तेव्हा गल्लीत व्हायची ती कुजबुज झालीच. पण खरी गंमत झाली शेवटच्या प्रकल्पाच्या वेळी. कॉलेजच्या कॉम्प्युटरने निकाल दिला: एकसष्ट टक्के मजकूर चोरलेला. नव्याने लिहून दिलं नाही, तर पदवी विसरा.

"स्वतःच्याच घरात दरोडा घालणारी बाई पहिल्यांदा बघितली!" काका म्हणाले.

भानगड अशी, की बावीस वर्षं मुलांचे प्रकल्प टाइप करताना कुठे शेवट लंगडा दिसला, कुठे प्रस्तावनाच राहिली, की काकू पदरच्या चार ओळी घालून द्यायच्या. त्या ओळी पुढच्या मुलांनी उतरवल्या, त्यांच्या पुढच्यांनीही. आता काकूंनी आपल्याच ओळी वापरल्या, तर त्या निघाल्या साऱ्या गावाच्या!

काकू तडक प्रकल्प तपासणाऱ्या सरांच्या खोलीत. "राग नका मानू सर, पण तुमचा प्रबंध मीच टाइप केला होता, त्याचा शेवटचा परिच्छेदही माझाच आहे."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मान्य. पण काकू, देऊन टाकलेलं पुन्हा आपलं कसं म्हणायचं? असं करा, इथे बसून एक पान लिहा. कुणालाच न दिलेलं."

काकू बसल्या. पहिलं वाक्य सुचलं, ते कुणाला तरी दिलेलं. दुसरंही. अगं बाई, माझं असं उरलंय तरी काय? त्यांना स्वतःचंच कुतूहल वाटायला लागलं. डोळ्यांपुढे आले मुलांचे हाताने लिहिलेले कागद. उतरवलेली पानं कशी मोत्यासारखी! मग मध्येच अक्षर बिघडायचं, ओळी खोडलेल्या, समासात बाण. टाइप करताना तिथेच बोटं अडायची आणि काकू त्या पोराला मनात चार शिव्या हासडायच्या.

त्यांनी लिहिलं, 'जिथे खाडाखोड सुरू होते, तिथे मूल स्वतः बोलायला लागतं.' मग 'मूल' खोडून 'माणूस' केलं. मग ते खोडून पुन्हा 'मूल'.

सरांनी पान हातात घेतलं. निम्मं खोडलेलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून दोनदा वाचलं. "बाकीचंही असंच लिहून आणा."

"उद्याच टाइप करून आणते."

"टाइप अजिबात नको!"

"पण अक्षर लागेल का तुम्हाला?"

"नाही लागलं तर विचारीन."

काकू पास झाल्या. 'अक्षर सुधारा' असा सरांचा लाल शेरा असलेलं ते पान त्यांनी दुकानात काचेखाली ठेवलंय. गिऱ्हाईक वाचेपर्यंत त्या कामाला हात लावत नाहीत.