माशांचा सोमवार
परवा नवी पेठेत एका दुकानदारानं माशांच्या खाण्याचा डबा उघडला आणि त्या उग्र वासासरशी मला श्रावणातला एक सोमवार आठवला. मी तेव्हा शाळेत होतो. अंड्याचं टरफलही कधी न आलेल्या आमच्या घरात आईनं सुक्या कोळंबीच्या भुकटीचा असाच डबा गॅलरीतच ठेवायला लावला होता, पण माशांच्या टाकीवर तिचा फार जीव. टाकीत दोन चपटे, देखणे एंजल आणि रंगीत शेपट्यांचे सहा इवलेसे गप्पी होते. त्या सकाळी आई म्हणाली, "मासेपण घरातलेच की. आज त्यांनाही उपास." मला ते एकदम पटलं. संध्याकाळी वडील देवळातून आले, कपाळावरची विभूती अजून ओली होती. उपास सोडायला पानं वाढली आणि मी टाकीचा दिवा लावला. एक गप्पी शेपटी कुरतडलेला, तळाशी तडफडत होता. दुसऱ्याची केशरी शेपटी एंजलच्या तोंडातून बाहेर आलेली, अजून हलत होती. आईच्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. "आपल्या घरात?" एवढंच ती म्हणाली. वडील पानावरून उठले, गॅलरीतून डबा आणून त्यांनी चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. "सोमवार आपला होता," ते हळूच म्हणाले, "त्यांना आपण उपाशी ठेवलं की." त्या रात्री कुणीच नीट जेवलं नाही. ती शेपटी आत जाताना एंजल रोजच्याइतकाच देखणा दिसत होता, आणि मी नजर हटवू शकलो नव्हतो, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.