भिवाची थिअरी

गेल्या महिन्यात भिवा गेल्याचा फोन आला, तेव्हा लवळ्याच्या कॉलेजातल्या माझ्या कँटीनमध्ये मी पोरांना सांगत होतो, की काल बिबट्या आला, चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरला. फोन ठेवला. पोरं अजून हसतच होती... ‘पंजाचा ठसा दाव आधी,’ म्हणणारा तेवढा उरला नव्हता.

भिवाकडे चारशे शेळ्या होत्या. बरं, चाळीस, पण गोंधळ चारशेंचा. वीस वर्षं तो टेकडीवरून उतरला, की कळप समोर सोडून माझ्याकडे चहा घ्यायचा. एकदा हॉस्टेलमधली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, ‘माझी एक थिअरी आहे.’ भिवानं कान टवकारले. ‘ताई, म्हंजी काय वो?’

‘काका, खरं असावं असं वाटतं, पण अजून सिद्ध झालेलं नाही. मग तपासून बघायचं.’

‘आन न्हाई तपासलं तर?’

‘तर नुसतं वाटणं.’

झालं! पोरं पुस्तकातल्या धड्यांना थिअरी म्हणत, गावातले पुढारी सरळ थापेलाच म्हणू लागले. भिवानं मात्र मुलीचा अर्थ सोडला नाही. सासूनं सुनेला नावं ठेवली तरी हा मधे, ‘बगितलंय, का थिअरी हाय?’ ओढ्याकाठच्या चिंचेखाली बांधलेलं जनावर मरतं, असं आख्खं गाव मानतं. यानं स्वतःची लाडकी शेळी तिथं महिनाभर बांधली. शेळी हत्तीएवढी झाली. मी ओरडलो, ‘चिंच निर्दोष सुटली!’ तर म्हणतो कसा, ‘एका शेळीवर ठरतंय व्हय? आजून थिअरीच हाय.’

माझी तर त्यानं एकही गोष्ट धडपणे उडू दिली नाही. शेवटी भेटलो तेव्हा खाटेवर नुसती हाडं उरली होती. मी नेहमीच्या जोरात म्हटलं, ‘आठ दिवसांत टेकडीवर दिसशील.’

तो हसला. ‘थाप का थिअरी?’

माझी जीभ पहिल्यांदाच अडखळली. ‘थिअरी.’

‘मंग तपासाया येशील?’

‘आठव्या दिवशी येतो.’

सहाव्या दिवशी तो फोन आला. मातीला गेलो, त्याचं काही सांगत नाही. आठव्या दिवशी पुन्हा गेलो... आता तपासायला काय उरलं होतं? पण पाय वळले खरे. त्याची बायको, पारूवहिनी, दारातच उभी होती.

‘आलात, भावजी? वाटच बघत व्हते.’

‘माझी?’

‘ह्यांनी सांगून ठिवलं व्हतं. म्हनले, म्या काय आता उठत न्हाई. पर आठव्या दिशी त्यो येतोय. आजवर त्याचा एक शबुद खरा न्हाई, पर ह्यो निघंल. माजी थिअरी हाय म्हनले.’

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. तरी माझ्यावर त्याचा विश्वास होता, आणि तोही न तपासता!

‘खरी निघाली की रे!’ असं सांगायला मी खाटेकडे वळलो. वहिनींनी तिथं घोंगडी घडी घालून ठेवली होती.