पांढरं पडलेलं चॉकलेट

आमच्या कार्यालयात कुणाचा वाढदिवस असला की केकच्या मागोमाग चॉकलेटचा डबा फिरतो. माझ्यापर्यंत आला की मी हाताला येईल ते एक उचलते आणि पर्समध्ये टाकते. नव्या मुली विचारतात, "मॅडम, तुम्ही समोर कधीच खात नाही. डार्क आवडतं की मिल्क?" मी म्हणते, काहीही चालतं. हे खरं नाही. मला एकच चॉकलेट आवडलं. ते मी एकदाच तोंडात घेतलं होतं, आणि तेव्हाही गिळलं नव्हतं.

आमची वस्ती धारूरच्या वर, डोंगराच्या कडेला. वडील मेंढरं राखायचे. शाळेत झेंडावंदन झालं की गुरुजी हातावर एक नारंगी गोळी ठेवायचे, आणि तिलाच आम्ही चॉकलेट म्हणायचो. तपकिरी चॉकलेट मी टीव्हीत पाहिलं होतं. ते खायला मला बारावी पास व्हावं लागलं.

बारावीनंतर मामानं मला गेवराईला नेलं. मामाचं रस्त्यालगत जनरल स्टोअर होतं आणि मागं घर. कॉलेज तिथून चालत जाण्यासारखं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मला सोडायला आले तेव्हा वडील दुकानाच्या पायरीवर बसूनच बोलले. "शिक. पण मामाच्या घरून तुझ्याबद्दल एक जरी बोल माझ्या कानावर आला, तर मी गाडी घेऊन येईन. पाव्हणे तयार हायेत." पाव्हणे म्हणजे माझ्यासाठी पाहून ठेवलेलं स्थळ. त्यांच्याकडं आमच्याहून जास्त मेंढरं होती, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

मामाचे उपकार मी आजही मानते. मामीचेही मानते, आणि ते का, हेच सांगायचं आहे.

उन्हाळ्यात गेवराईला दुपारची लाईट गेली की दुकानातला फ्रीज नुसतं कपाट होऊन जायचा. आतली चॉकलेटं कागदातल्या कागदात वितळायची आणि लाईट आली की पुन्हा घट्ट व्हायची. तशी घट्ट झालेली चॉकलेटं चार दिवसांत पांढरी पडायची. गिऱ्हाईक कागद उघडून परत आणून द्यायचं, "ह्याला बुरशी आलीय." कंपनीचा माणूस तो माल परत घ्यायचा नाही. ती बुरशी नसते, चॉकलेटमधलंच कोकोचं लोणी वितळून वर येतं, हे मी फार उशिरा वाचलं.

मी गेले त्याच उन्हाळ्यात असं एक चॉकलेट परत आलं. मामीनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "खा. तुला काय होतंय?"

मी खाल्लं. दाताखाली ते वाळल्या पेंडेसारखं भुगा झालं. आधी फ्रीजमधल्या आंबट ताकाचा वास आला, मग गोड लागलं, मग जिभेवर मेणाचा थर राहिला. मामी कमरेवर हात ठेवून बघत होती. शेजारी मामेबहीण होती, माझ्याच वयाची, तिच्या हातात ताजं.

"आवडलं का गं?"

"आवडलं."

"खरं सांगायलीस?"

"लई आवडलं मामी."

दुसरं काय म्हणायचं ते मला येतच नव्हतं. पण त्या दिवसापासून ती माझी आवड ठरली. मामीनं फ्रीजच्या तळाला माझ्यासाठी एक डबा केला आणि पांढरं पडलेलं सगळं त्यात जमा व्हायला लागलं. घरी कुणी आलं की ती म्हणायची, "थांबा, गंमत दाखवते." मग मला हाक. "आमच्या भाचीला ताजं आवडत न्हाई बरं का. बुरसलेलंच लागतं हिला. खाऊन दाखव गं."

एकदा एका पाहुणीनं विचारलं, "कावून गं बाई, असं का?"

"मेंढरामागं वाढलेली," मामी म्हणाली. "नाक आन् जीभ दोन्ही मेलीत हिची."

मामेबहीण म्हणाली, "हिच्या बापाच्या मेंढवाड्यात असल्याच लेंड्या पडलेल्या असतेत की. सवय हाय तिला."

सगळे हसले. मीही हसले. हसून झाल्यावर मला अभ्यासाला बसता यायचं.

मामा तेवढा हसायचा नाही. तो म्हणायचा, "लेकराला छळू नका." म्हणायचा आणि दुकानात निघून जायचा. मला तेवढंही खूप वाटायचं. मामाला शुगर होती. मामी त्याला चहासुद्धा बिनसाखरेचा द्यायची आणि तो पिताना त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मामेबहिणीचं जमलं. मुलगा पुण्याचा. साखरपुड्यानंतर त्याच्या बहिणीनं एक मोठा डबा पाठवला. आत खणाखणात चॉकलेटं बसवलेली. मामेबहिणीनं तो सगळ्यांच्या मधोमध ठेवून उघडला आणि बोट ठेवत सांगितलं. "हे मिल्क. हे व्हाईट. हे काळं हाय ना, ते डार्क, कडू असतंय. आन् हे सोनेरी कागदातले गोल, ते हेझलनट. सगळ्यात भारी."

मामानं विचारलं, "हेझलनट म्हंजे काय असतंय?"

"बदामासारखं असतंय पप्पा. तुमाला काय करायचंय? तुमाला चालत न्हाई."

डबा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गेला. मैत्रिणी आल्या की ती डबा बाहेर काढून दाखवायची आणि पुन्हा ठेवायची. मला त्यातलं मिळणार नव्हतं, आणि मी मागणारही नव्हते. माझा डबा खाली होता.

घरचे कपडे मी धुवायचे. एका सकाळी मामाच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात मला सोनेरी कागदाचा चुरगाळलेला गोळा सापडला. खिशाच्या तळाला तपकिरी डाग होता. मी कागद पाणी तापवायच्या बंबात टाकला आणि डागाला साबण लावला. मान वर केली तर मोरीच्या दारात मामी उभी.

"घास जोरात," ती म्हणाली. "डाग राहू दिऊ नको." आणि आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी मामेबहीण फ्रीजपाशी ओरडली. "सगळे हेझलनट गेले! एकच राहिलाय!"

मी पुस्तक घेऊन जमिनीवर बसले होते. परीक्षा तोंडावर आली होती. मामा खुर्चीत पेपर वाचत होता. ती डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"खाल्लेस ना?"

"मी न्हाई खाल्ले."

"मग कुणी खाल्ले? घरात दुसरं कोण हाय इतलं हावरं? पप्पा, हिला आताच्या आता घरी पाठवा. माझ्या सासरचा डबा हाय हा."

मी मामाकडं पाहिलं. त्याच्या अंगावर तोच शर्ट होता. खिसा माझ्या हातानं स्वच्छ झालेला.

मामानं पेपर खाली केला. त्याचा आवाज फार मऊ होता. "खाल्लं असल. लेकरू हाय. असलं कुठं पाहिलंय तिनं कधी? माफ करून टाक बाई."

मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. पण त्या माफीइतकं मला काहीच लागलेलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर मामा उघडा पडला असता, आणि ज्याच्या छपराखाली मी राहत होते तोच मामा होता. न उघडावं तर मी चोर. मामेबहिणीनं माझ्या विचाराची वाट पाहिली नाही. तिनं माझ्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आधी मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं, मग वडील.

तिनं सगळं सांगितलं. वडिलांनी मला काही विचारलं नाही. "बरं झालं सांगितलं बाई. उद्या येतो मी. तिला म्हणावं, सामान बांधून ठिव."

एवढ्यात दुकानाकडून मामी आत आली. "काय झालं?"

मामेबहिणीनं पुन्हा सगळं सांगितलं. मामी ऐकत गेली आणि मग मोठ्यानं हसली.

"हिनं? ह्या जिभंनं?" तिनं फोनकडं तोंड केलं. "दाजी, फोन ठिवू नका. ऐका जरा."

तिनं डब्यातला शेवटचा गोल उचलला आणि कागद सोलला.

"मम्मी, शेवटचा हाय तो!"

"गप बस."

तिनं तो स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. तिच्या बोटांना दुकानातल्या उदबत्तीचा वास होता. "चाव," ती म्हणाली.

मी चावलं. वरचं कवच कुडुम् करून फुटलं. आत मऊ होतं, मेंढी व्याल्यावर आई खरवस करायची त्याचा पहिला घास जिभेवर टेकावा तसं, आणि त्याच्याही आत भाजलेला दाणा होता. इतकं चांगलं काही मी तोवर खाल्लं नव्हतं. माझे डोळे मिटायला लागले होते. ते मी उघडे ठेवले, कारण समोर अगदी जवळ मामीचा चेहरा होता. तोंड हसत होतं. डोळे हसत नव्हते.

"कसं लागतंय?" तिनं विचारलं.

मग मला कळलं.

मी तोंड वाकडं केलं. घशातून उमासा काढला. आणि ते सगळं, कवच, आतलं मऊ, दाणा, सगळं शहाबादी फरशीवर थुंकलं. "शी!" मी म्हणाले. "मामी, कसलं हाय हे!"

"ईऽऽ," मामेबहीण मागं सरकली.

"बघितलं?" मामी म्हणाली. "दाजी, ऐकू आलं का? तुमच्या पोरीला चांगलं काय गिळतच न्हाई. ती काय चोरून खाती? बुरसलेलं असतं तर मीच म्हणले असते हिनं खाल्लं. तुमी नका येऊ. मेंढराकडं बघा तुमच्या."

फोनमध्ये मेंढरं ओरडत होती. मग वडील म्हणाले, "बरं." फोन बंद झाला.

"पूस आता ते," मामी मला म्हणाली.

मी फडकं आणून पुसायला बसले. दाढेत एक कण अडकला होता. जिभेला तो सापडला. पण मामी अजून उभी राहून बघत होती, म्हणून मी तो बोटानं काढला आणि फडक्यालाच लावला.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मामाच्या ताटात भाकरीच्या शेजारी त्या शेवटच्या गोलाचा सोनेरी कागद होता. मामीनं तो हातानं सपाट करून ठेवला होता, लोणचं ठेवतात त्या जागी. मामानं कागदाला न शिवता भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून तो माझ्याशी तुटक वागायला लागला. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि बहुधा तेच त्याला सोसत नव्हतं. परीक्षेला निघताना मी पाया पडले तर तो फोनवर बोलत असल्यासारखं करत दुकानात गेला.

मी बीए झाले. निकाल लागला त्या दिवशी मामीनं शेजारच्या बायकांना पेढे वाटले. माझ्या हातावर तिनं माझ्या डब्यातलं चॉकलेट ठेवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं. "पास झाली, घे. तुझ्या आवडीचं." सगळ्या बायका बघत होत्या. मी ते पूर्ण खाल्लं.

आता मी बीडला नोकरी करते. भाड्याच्या का होईना, माझ्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत, माझा फ्रीज आहे, इन्व्हर्टर असल्यानं त्यात चॉकलेट वितळत नाही. बाजारात मिळतात ते सगळे हेझलनट मी आणून पाहिले. दार लावून खाल्ले. एकही तसा लागला नाही. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या चाव्याला माझा हात आपोआप तोंडापुढं जातो, थुंकायला.

गेल्या हिवाळ्यात मामी मामाला दवाखान्यात दाखवायला बीडला घेऊन आली. उतरले माझ्याकडंच. मामाच्या उजव्या पायाची दोन बोटं गेलीत. तो आतल्या खोलीत खाटेवर पडला होता. मामीनं आल्या आल्या पिशवीतून एक चॉकलेट काढलं. दुकानातलं, पांढरं पडलेलं. "तुझ्यासाठी ठिवलं होतं." ती समोर बसून राहिली, मी खाईपर्यंत.

मग मी माझ्या फ्रीजमधली ताटली आणली. डार्क होतं, मिल्क होतं, सोनेरी कागदातले दोन गोल होते. मामीनं डार्क उचललं, चघळलं, तोंड कडू झालं तरी गिळलं.

आतून मामाचा आवाज आला. "काय खायलात गं? मलाबी एक दे की बाई."

"तुमी गुमान पडा," मामी म्हणाली. "दोन बोटं गेली. आता कोणतं द्यायचं ठरवलंय?"

मग तिनं सोनेरी कागदातला एक गोल हातात घेतला आणि न सोलता बोटांत फिरवत राहिली. "चांगलं होतं का गं ते?"

"कोणतं?"

"थुंकलीस ते."

इतक्या वर्षांत तिनं त्याचा शब्द काढला नव्हता. मी म्हणाले, "लई चांगलं होतं मामी."

"तोंडावर दिसलं होतं मला." तिनं गोल पुन्हा ताटलीत ठेवला. "मीच मनात म्हणले होते, हिनं थुंकलं तर ठिवायची. न्हाईतर जाऊ द्यायची मेंढरामागं."

तिनं लुगड्याच्या पदराला बोटं पुसली आणि ताटली माझ्याकडं सरकवली. "उचल हे. ह्यांना दिसल असं ठिवू नको."