चांगल्या गिऱ्हाइकाचं व्याज

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा आमच्या मुलुंडच्या इमारतीत क्रेडिट कार्ड फक्त माझ्याकडे होतं. मी एका कंपनीत स्टेनो होते. पगार बँकेत जमा व्हायचा, म्हणून बँकेने कार्ड आपणहून दिलं. पर्स उघडली की समोरच्याला ते दिसावं अशा बेताने मी ठेवायची. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा शालू, मानपानाच्या साड्या, भांडी, सगळं त्या कार्डावर आणलं. आई नव्हती, बाबा गिरणीतून रिकामे झालेले, आणि माझी मिजास मोठी. लग्न झकास झालं.

मग बिलं यायला लागली. त्यात कमीत कमी किती भरायचं तो आकडा असायचा. तेवढा भरला की भागतं, अशी माझी समजूत. वर्षभर तारीख न चुकवता भरत राहिले आणि एका रविवारी बिलं मांडून बसले, तर मूळ रक्कम जवळजवळ होती तिथेच. महिन्याला अडीच टक्के व्याज माझे पैसे गिळत होतं आणि ढेकरही देत नव्हतं. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अंधेरीला बँकेच्या कार्ड विभागात गेले. व्याज कमी करा, असा अर्ज टाइप करून नेला होता. काउंटरमागची बाई माझ्याच वयाची. तिने माझं खातं काढून पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली. एकदाही उशीर नाही, तुम्ही आमच्या चांगल्या गिऱ्हाईक, म्हणाली. मग चांगल्या गिऱ्हाइकाला काही सवलत आहे का, असं मी विचारलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती 'अहो'वरून 'अगं'वर आली.

"अगं, जे भरतायत त्यांचं व्याज कोण कशाला कमी करेल? दोन-तीन महिने भरूच नकोस. आमचा माणूस घरी येईल. त्याच्यापुढे रड. तेव्हाच कमी करतात."

परतताना बसमध्ये मला हसूही येत होतं आणि संतापही. पण दुसरा रस्ता दिसेना. मी भरणं थांबवलं.

सांगायला सोपं वाटतं. तारीख उलटून गेली. जिन्यावर बुटांचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी उभी. माणूस आल्यावर काय बोलायचं, कुठे रडायचं, ते भांडी घासता घासता पाठ केलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं रोज उद्यावर ढकलत होते.

तो आला नेमका मी कामावर असताना. दार बाबांनी उघडलं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा पावती समोर ठेवून बसलेले. थकलेले हप्ते, वरचा दंड, सगळं त्यांनी चुकतं केलं होतं. गावच्या घराची कौलं बदलायला गिरणीच्या फंडातून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. त्या माणसाला चहासुद्धा पाजला होता. पोरगी कामाच्या गडबडीत विसरली असेल, म्हणून माझ्या वतीने माफी मागितली होती.

"आजपावत आपल्या दारात पैशांसाठी कोण उभो रवलो नाय," ते म्हणाले. "तो म्हणालो, आता तुजा नाव परत चांगला झाला."

ती पावती फाडून टाकावी असं मला वाटलं. इतके दिवस जीव मुठीत धरून काढले ते एका कप चहाबरोबर गेले. मी पुन्हा चांगली गिऱ्हाईक, पुन्हा तेच अडीच टक्के. आणि यापुढे तारीख चुकवायची म्हटली तरी बाबा चुकवू देणार नव्हते. मी चिडून सगळं सांगून टाकलं. व्याज, अंधेरीची बाई, तिचा सल्ला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. पावतीची घडी घालून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

मला लाज वाटली. तुमचे पैसे थोडे थोडे करून परत देईन, असं मी म्हटलं.

"सावकाश दी गो," ते म्हणाले. "माका व्याज नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कार्ड फिटायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पगार झाला की आधी बँकेचे पैसे जायचे आणि बाबांचे राहायचे. गावची कौलं ते असेपर्यंत बदलली नाहीत.